सटवाजीची अंबाडी

माही सासू बायनाबाई. तिच्या तोंडाला समदं गाव भ्यायचं, मी बी. पाण्यापायी तर ती कुणालाच सोडायची न्हाई. "ढोरं वरच्या अंगाला कामून धुता रे मेल्यांनो? त्याच पाण्यानं सैपाक व्हतो नं!" असं वरडत डोहाच्या काठानं हिंडायची. चुलीतली राख, मेलेली कोंबडी, बाळंतिणीचे फडके, जे नको ते लोक ओढ्यात लोटायचे आन वर तिलाच हसायचे.

निजामाचं राज गेलं त्या पोलीस ॲक्शनला वरीस झालं असंल. गावात मुसलमानाचं एकच घर राहिलं व्हतं, मौलाभाई पिंजाऱ्याचं. बाकीचे जीव घेऊन कुटं कुटं निघून गेले. त्या हिवाळ्यात माह्या सासऱ्यानं, सटवाजीनं, दोराच्या वाखासाठी अंबाडीची ताटं डोहात सडायला टाकली. दरसाली चार पेंढ्या असायच्या, दोरदाव्यापुरत्या. औंदा बाजारात इकायची म्हणून रातच्यानं गाडीभर टाकली, धोंड्याखाली दाबून. सासू म्हणली, "इतकी टाकू नका, पाणी मरंल." पण ऐकतंय कोण!

डोह काळा पडला. वास तर असा, की पदर नाकाचा काढावा न्हाई. मग एक दिस सकाळी मासे पोटं वर करून तरंगायले, आन आप्पाराव पाटलाची कालवड ते पाणी पिऊन मेली. कुणीतरी म्हणलं, मौलाभाई काल डोहावर गाद्यांच्या खोळी धूत व्हता. झालं! मौलानं जहर टाकलं, हे गावभर पसरलं.

लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन त्याच्या दारात जमले. पाटलानं डोहाची घागर भरून आणली व्हती, जहर दाखवायला. आतून पोरांचं रडणं ऐकू यायलं. सासरा समद्यांच्या मागं उभा व्हता.

सासू गर्दीत घुसली. "जहर न्हाई ते! डोहात अंबाडी सडायलीय!"

"कुणाची अंबाडी?" आप्पारावानं इचारलं.

आता बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? उखाण्याबिगर तिच्या तोंडून ते मी कवाच ऐकलं नव्हतं. तिनं एकडाव सासऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"सटवाजीची," ती म्हणली.

बायांनी तोंडाला पदर लावले.

"पिंजाऱ्यासाठी नवऱ्याला उघडं पाडायलीस व्हय?" आप्पाराव खवळला. "जहर न्हाई नं? मग पी!"

तिनं घागरीतून तांब्या भरला आन गटागटा पिली. बाबो! तोंड पुसून ती मौलाभाईच्या वट्यावर बसली. "हितंच बसते. मेले तर खुशाल मारा त्याला."

मी तिला खेटून बसले. थोड्या येळानं तिच्या वठावर घाम आला. पदराखालून तिनं माहं मनगट असं आवळलं, की बांगडी फुटली.

"आत्या, घरी चला," मी कानात म्हणलं.

"चूप. मी वकले की त्याची पोरं गेली."

आन वरून आप्पारावालाच टोमणे! "पाटील, उभं राहून पाय दुखले असतील, वाइच बसा की." लोक हसले. पण कुणी हालंना. मी मनातल्या मनात देवाला म्हणायले, हिला धरून ठेव, वाइच धरून ठेव.

शेवटी सासराच निघाला. डोहात उतरला, सडकी पेंढी खांद्यावर घेऊन आला आन पाटलाच्या पायाशी आपटली. त्या वासानं पुढचे मागं सरले. "पाटील, माहीच हाय," तो म्हणला. "अजून गाडीभर हाय. चला, काढू लागा." आप्पारावानं पेंढीकडं पाहिलं, घागरीकडं पाहिलं, आन काठी टेकत डोहाकडं निघाला. त्याच्या मागं एकेक करून समदेच गेले.

सासूनं गल्लीच्या टोकापतुर पाहिलं.

"गेले का?"

"गेले, आत्या."

"नीट पाह्य."

"कुणीच न्हाई."

"मग धर मला," ती म्हणली, आन माह्या अंगावर भडाभडा वकली.