खडूच्या डब्यातल्या गोळ्या

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाई. बायकोले बी नाई. तुमाले काऊन सांगून राह्यलो? — माहीत नाई. निस्तं आठवलं तरी थुंकावंसं वाटते.

मी बोथ गावच्या शाळेत सायन्सचा मास्तर. तीन वर्षाखाली पायाचा अंगठा सुजला, युरिक अ‍ॅसिड निघालं. डॉक्टरनं रोजची गोळी देल्ली. पण आमच्याकडं या दुखण्याले लोकं काय म्हणतेत? दारूचा रोग! अन् मी कोण — विहारात पंचशीलावर भाषण ठोकणारा, दारू सोडा म्हणून गावभर सांगणारा. कोणी गोळी पाह्यली तर? मी गोळ्या शाळेतल्या खडूच्या डब्यात लपवल्या.

सूज उतरली. लोकं विचारू लागले — मास्तर, कायनं बरं झालं? मी छाती फुगवून म्हटलं, जांभूळ! त्याच्या रंगात अँथोसायनिन असते, कांद्यात क्वेर्सेटिन, त्यानं युरिक अ‍ॅसिड उतरते. कुठंतरी अर्धवट वाचलं होतं. फळ्यावर लिहून बी दाखवलं. शिकल्या-सवरल्या माणसाचं खोटं कसं गुळगुळीत असते — थू!

बाकीचे ऐकून विसरले. वांकिडीचा माझा मोठा भाऊ विसरला नाई. दादा भाजीपाला पिकवते, त्याच्याच घामावर मी शिकलो. त्याले बी हेच दुखणं, हीच गोळी. त्यानं फोन केला, "बाबू, तुह्यासारखी मी बी गोळी बंद करू काय?"

नको — एवढंच म्हणाचं होतं. बायको बाजूले बसली होती. मी म्हटलं, "कर ना दादा. मी कुठं घेतो?" त्याच दिवशी सकाळी मी घेतली होती.

दादानं सीझनभर जांभूळ खाल्ले, मंग निस्ता कच्चा कांदा. वर्ष गेलं, दुसरं लागलं. अंगठ्यावर गाठ आली, फुटली, चिघळली. आतून खडूच्या भुकटीसारखं पांढरं निघालं. दवाखान्यात मी नाकाले रुमाल लावून उभा — मले दादाच्या पायाची किळस आली. त्याच्या पायाची! शेवटी अंगठा कापला. आता त्याले वाफ्यात उकिडवं बसता येत नाई.

तरी येईल त्याले सांगते, "मास्तरचं बरोबर होतं, माह्यंच पथ्य चुकलं." मी बाजूले बसून मान हलवतो.

यंदा बी त्यानं जांभळाची पिशवी धाडली, तुह्या पायासाठी म्हणून. मी धुऊन खाल्ले. वरून गोळी घेतली.