भासऱ्यांचा शेअर आणि हळद लागलेला ड्रेस

आमचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ केशोराव, यांनी सौंदडला जन्मभर धानाची दलाली केली. मूठभर धान तळहातावर घासायचं, फुंकर मारायची आणि भाव सांगायचा, एवढंच त्यांचं दुकान. आता दलाली सोडली, पण मालावरची नजर सुटत नाही. चहा झाला की केवळरामच्या मोबाईल दुकानात जाऊन बसतात. गावभराचे पार्सल तिथेच उतरतात. मी भासऱ्यांशी तोंडावर बोलत नाही, आमच्यात ती रीत नाही. पण पडद्याआडून ऐकू सगळं येतं.

रविवारी आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. सकाळी पूजेची भांडी घासत होते आणि जे कानावर पडलं त्याने हातातला तांब्या हातातच राहिला. जाऊबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे भासरे शेअरमध्ये टाकायचं म्हणत होते. कंपनी कोणती, तर जवान पोरापोरींचे कपडे मोबाईलवर विकणारी. जाऊबाई, म्हणजे दुर्पताबाई, दोन वर्षांपासून भिंत धरून चालतात. नागपूरच्या दवाखान्यात जायला आत्ता या दिवाळीत कुठे तयार झाल्या.

"मोठेबाबा, ती कंपनी अजून नफ्यात नाही आली," माझा मुलगा वीरेंद्र म्हणाला. तो गोंदियाला बँकेत आहे.

"नवं दुकान हाये, तोटा राहतेच. तू कागद पाहतोस, मी माल पाहतो. केवळरामकडं रोज पोतं भरून पार्सल येते अन् पोतं भरून जाते."

"जाते कुठं?"

"आपल्या पोरीही काही पाठवत असतीन. धंदा दोन्हीकडून चालून राहिला. गाडी भरून हलली का सौदा झाला, हे मले नको शिकवू. अन् गिऱ्हाईक जवान हाये. आज शंभरचं घेते, कमावलं का हजाराचं घेईल."

"दुसऱ्या ॲपवर दहा रुपये कमी दिसले का तिकडं पळते तो. त्याले धरून ठेवायलाच कंपनीचा सगळा पैसा जाहिरातीत जाऊन राहिला."

बाजेवरून जाऊबाई बोलल्या, "गिऱ्हाईक जवान हाये, पण बायको म्हातारी हाये. तिचं काय?"

"सालभर थांब. दुप्पट झाले का दोन्ही गुडघे करू."

"अन् अर्धे झाले त अर्धा गुडघा कराल का?"

वीरेंद्र हसला. तेवढ्यात माझी प्रिया आतून ड्रेस घेऊन आली. चेहरा पांढराफटक.

"आई, हे काय केलंस?"

संध्याकाळी मंडईत घालायचा म्हणून तिने तो मागवला होता. सकाळी मला खुंटीवर दिसला. गळ्याला किमतीची चिठ्ठी लटकत होती, ती मी कापली. नवा कपडा म्हणून काठाला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि देवापुढे ठेवून परत टांगला. आमच्याकडे कोरा कपडा असाच अंगावर घेत नाहीत.

"आता हा वापस कसा होईल?" ती रडकुंडीलाच आली.

"वापस कायले? घालणार आहेस ना?"

"घालून मग वापस करायचा होता."

अंगावर घातलेला कपडा परत पाठवायचा, आणि तोच नवा म्हणून दुसऱ्या कोणा पोरीने घालायचा? तिने तर त्याला हळदही लावली असेल.

भासरे माझ्याहून गार झाले होते. "तू एकटीच करतेस असं?"

"सगळ्याच करतात, मोठेबाबा. मंडई झाली का उद्या केवळरामकाकाकडं लाईन लागते."

"मंग ते जाणारं पोतं?"

"वापसीचंच राहते."

"भाडं कोण देते?"

"कंपनी."

भासऱ्यांनी धान घासावं तसा रिकामा तळहात घासला. मग म्हणाले, "मी शुक्रवारीच टाकले पैसे."

जाऊबाईंनी विचारलं, "मंग आता काऊन इचारून राहिले होते?"

"कोणी हो म्हणलं असतं त बरं वाटलं असतं."

रविवार, म्हणजे शेअरबाजार बंद. प्रिया हळदीचा काठ आत दुमडून मंडईला गेली. भासरे गेले नाहीत. मंडईला न जाणारे भासरे मी पहिल्यांदाच पाहिले. रात्री मंडईतून दंडारीच्या खेळाचा ढोल ऐकू येत होता आणि मी देवाजवळ दुसऱ्यांदा दिवा लावला. दुसरं मला काय येतं?

सोमवारी बाजार उघडताच त्यांनी मोबाईल वीरेंद्रपुढे धरला. भाव थोडा खालीच होता. "अर्धे राहू द्या, मोठेबाबा. पुढच्या तिमाहीत सुधारेलही," वीरेंद्र म्हणाला. काल तोट्याचं बोलणारा हाच.

"सगळे काढ."

"किती गेले?" जाऊबाईंनी विचारलं.

"एका चांगल्या काठीएवढे," भासरे खाली पाहत म्हणाले.

"जाऊ द्या. काठी आता कोणाले पायजे?"

पंधरवड्यात तो शेअर खरंच वर चढला. वीरेंद्रने जेवताना सांगितलं. मला वाटलं, आता भासरे हळहळणार. त्यांचा घास हातातच थांबला. कोपऱ्यात जाऊबाई नागपूरची पिशवी भरत होत्या.

"दोन लुगडी पुरतीन का तीन घेऊ?" त्यांनी विचारलं.

"तीन घे," भासरे म्हणाले आणि घास तोंडात घातला.