मागे वळून

रविवारी दुपारी माझी मुलगी सई तिचा तो झॉम्बींचा, मेलेली माणसं उठून मागे लागतात तो गेम खेळत होती. पडद्यावर एक माणूस पाठमोरा बसला होता. पावलं वाजली तशी त्याने सावकाश मान वळवली. या गेमवर निघालेले सिनेमे मी पाहिलेत. तिथे संगीत आधीच सावध करतं, आणि पळायचं असतं ते दुसऱ्या कुणाला. इथे सई पळत होती.

"पळताना मागे बघायचं नसतं, बाबा. बघितलं की ते गाठतात."

वडिलांना अग्नी देऊन स्मशानातून निघालो, तेव्हा काकांनीही मला हेच बजावलं होतं. तरी मी फाटकाशी वळलोच. वाटलं, एकदा दिसावेत. गेलेलं माणूस परत यावं असं म्हणताना, येईल ते आपलंच असेल, हे आपण धरूनच चालतो. पडद्यावरचा तो माणूसही कुणाचा तरी बाप असणार. तो उठून आमच्याकडेच येत होता, पण त्याच्या डोळ्यांत कसलीच ओळख नव्हती.

सई पळत एका खोलीत शिरली आणि तिने दार लोटलं.

"कडी घाल," मी एकदम म्हणालो.

"या दाराला कडी नाहीये, बाबा."