पासिंगचे पाहुणे

मुदत संपलेल्या कागदांसारखेच किस्सेही माझ्याकडे साठत गेलेत. फेकवत नाहीत, आणि ठेवून उपयोगही नाही.

वडखळ नाक्याजवळ, हायवेला लागून माझं छोटं ऑफिस आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीवर भलं मोठं कॅलेंडर. खाडीकाठच्या आठ ट्रकवाल्यांचे कागद मी सांभाळते. इन्शुरन्स, टॅक्स, परमिट आणि सगळ्यांत कटकटीचं ते फिटनेस. गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणीला न्यायची. आमच्यात त्याला पासिंग म्हणतात. तारीख हुकली की गाडी उभी, आणि ज्याच्या घरी एकच गाडी त्याचं सगळंच उभं.

यांचे आजोबा मिठागरात राबले, हे स्टेअरिंगवर बसले. मी नागावच्या वाडीतली, बी.कॉम. झालेली, शिस्तीची. आल्या आल्या मी प्रत्येकाला तारखांचा तक्ता छापून दिला. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कौतुकाने वडापाव आला, त्याच तक्त्यात बांधून!

०

जनादादा आणि हरेश हे सख्खे भाऊ. दोन गाड्या, एक अंगण. जनादादा थोरला, त्याला इंग्रजी तारीख लक्षातच राहायची नाही. फिटनेस कधी संपतं विचारलं की म्हणायचा, "गनपतीच्या आदी आठ दिवस." एकदा योगायोगाने तसं होतं, ते त्याने कायमचं धरून ठेवलं.

मग एका वर्षी अधिक श्रावण आला आणि गणपती लांबले. हा निवांत! तारीख उलटून दहा दिवस झाले तेव्हा गाडी पकडली. तो आरटीओच्या खिडकीवर जाऊन भांडला, "सायेब, यंदा अधिक हाय! तुमी धरला का न्हाय?"

क्लार्क वैतागून म्हणाला, "पंचांग घेऊन या, मग बघू."

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधी जनादादा रांगेत पहिला उभा होता. काखेत पंचांग!

०

आता पाहुण्यांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय आमची एकही गाडी पास झालेली नाही.

पाहुणे म्हणजे सहा टायर. आठही जणांनी वर्गणी काढून घेतलेले, कोरे करकरीत. ज्याची पासिंग असेल त्याने आदल्या दिवशी आपले गुळगुळीत टायर काढायचे, पाहुणे चढवायचे, गाडी पास करून आणायची आणि त्याच दिवशी पाहुणे उतरवायचे. पुढच्याची तारीख येईपर्यंत ते आपल्याच पडवीत ताडपत्रीखाली ठेवायचे. नियम एकच, आणि तो सगळे देवाच्या शपथेसारखा पाळायचे. पाहुण्याला कामाला लावायचं नाही.

एकदा इन्स्पेक्टर एका टायरपाशी थांबले. त्याच्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला होता. ते म्हणाले, "ह्याला मी या महिन्यात तिसऱ्यांदा भेटतोय. बरा आहे ना?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. इन्स्पेक्टरही हसले, आणि त्यांनी सही केली.

०

हरेशची पासिंग आषाढात. स्लॉट बुक करायचा शेवटचा दिवस, आणि ओटीपी जातो सुगंधाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मोबाइलवर. दोघे भाऊ सिमकार्ड रुमालासारखी हरवतात, म्हणून दोन्ही गाड्यांना मी तिचाच नंबर लावलेला. आणि सुगंधा आदल्याच दिवशी भांडून माहेरी, रेवदंड्याला निघून गेलेली!

ऑफिसात चार माणसं बसलेली. हरेशने फोन स्पीकरवर टाकला.

"सुगंधा, नंबर आलाय तो सांग."

"न्हाय सांगत."

"अगो, दहा मिंटांत मरतंय ते!"

"मरू दे. तू कवा मरशील ते बघ त्या चाकांवर. पावसात गारी घसरते, तूच सांगलंस मना. नवी चाकां घालशील तं सांगते."

भांडण टायरवरून होतं, हे तेव्हा आम्हाला कळलं. हरेश आमच्याकडे बघून डोळा मारत म्हणाला, "घालतो की. दिवालीला."

"आता."

"आता कुठून घालू? गारी पास झाली तं भारा मिलंल, भारा मिलाला तं चाकां येतील!"

तीन ओटीपी मेले. चौथ्याला त्याने एकवीरेची शपथ घेतली, की दिवाळीच्या आत सहाच्या सहा टायर नवे. मग पलीकडून एकेक आकडा सावकाश आला. ऑफिसात टाळ्या पडल्या. हरेशने सगळ्यांना चहा पाजला.

तो नंबर मी टाइप केला. माझ्याच बोटांनी.

०

पाहुणे चढले, गाडी पास झाली, पाहुणे उतरले. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, झिमझिम पावसात, खडी भरलेली हरेशची गाडी खिंडीच्या उतारावर घसरली आणि झाडावर आदळली. हरेश जागीच गेला.

पंचनाम्यानंतर पोलीस ठाण्यात मलाच बोलावलं, कारण फाइल माझ्याकडे. हवालदाराने पान पान उलटून बघितलं. फिटनेस चालू, इन्शुरन्स चालू, परमिट चालू, पीयूसीसुद्धा चालू. बाहेर आवारात गाडी उभी होती. तिचे टायर पाटीसारखे गुळगुळीत होते. त्याने एकदा खिडकीतून तिकडे बघितलं, एकदा कागदाकडे.

"ताई, काम मात्र चोख आहे तुमचं," तो म्हणाला. "एवढे क्लिअर कागद क्वचित बघायला मिळतात."

इतकी वर्षं या वाक्यासाठी मी राबले होते. त्या क्षणी मला माझी किळस आली. घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली.

०

हरेशच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर बाहेर जनादादा. डोक्याचा गोटा, त्यावर टोपी. खुर्चीत बसला आणि कॅलेंडरकडे बघत राहिला. कॅलेंडरवर त्याच्या गाडीची तारीख लाल शाईत होती. अवघे चार दिवस उरले होते. या वर्षी ती त्याच्या बरोबर लक्षात होती.

"जनादादा, थोडं थांबून करू," मी म्हणाले. "मी आरटीओला अर्ज देते. दंड भरू."

"गारी उबी रायली तं खानार काय ताई? आता दोन घरां हायेत माज्यावर."

मी पोर्टल उघडलं, गाडीचा नंबर टाकला, बटण दाबलं. आणि मग आठवलं की ओटीपी कुणाच्या फोनवर जातो.

जनादादाने मान खाली घातली. "मी न्हाय लावत फोन. तुमीच लावा."

मी लावला. दुसऱ्या रिंगला सुगंधाने उचलला. मी कशीबशी म्हणाले, "सुगंधा, एक नंबर आला असेल बघ." मला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडावं, शिव्या द्याव्यात, फोन आपटावा, असं मला मनापासून वाटत होतं.

तिने काहीच अट घातली नाही. सहाही आकडे एका दमात सांगितले. मी टाइप केले. स्लॉट मिळाला.

फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, भावजींना सांगा, पावने आमच्या पडवीतच हायेत. ह्यांनी ठेवले तसेच. कालच पुसून ठेवलेत मी."