नीलम्माची झोप

लिही सिंधु. माज्या धाकट्या बहिनीचं, नीलम्माचं सांगते.

आमी देवनीचे. नीलम्माला जळकोटात दिली. आमच्या लिंगायतांत गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याबिगर तोंडात पानी घेत न्हाईत. अन् ही सकाळी उटायचीच न्हाई. हलवलं, तोंडावर पानी मारलं, तर "हाव, हाव" म्हनायची अन् परत आडवी. उटून बसली तरी येड्यावानी बघायची. काय बोलली ते मागून तिलाच ठावं नसायचं. पूजेला दुपार व्हायची, तवर उपाशी. त्या साली दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर सरकारनं वाटलेली कोरडी सुकडी खाऊन समद्यांचेच डोळे मिटायचे. मग समदे म्हनायचे, पोटात कायी न्हाई, त्याची ग्लानी हाय.

पुढं ज्वारी पिकली, घरात दूध आलं. नीलम्माची झोप काय गेली न्हाई. तवा सासू पार्वतम्मा म्हनली, पूजेला न उटनारी सून नको. गुरम्मा लेक रांगत व्हती. तिला ठिवून घेतली अन् हिला देवनीला धाडली. झोप सरली की ये म्हनली.

सरती कुटं? दुपारी डोळा उघडला की पयलं इचारायची, "अक्का, जळकोटची एस्टी आली का?" कुनी येनार नसायचं. तरी इचारायची. वरसं अशीच गेली.

लातूर जिल्हा झाला त्या साली म्या तिला तिथल्या मोठ्या डाक्टरकडं नेली. म्हनलं, ताकदीचं औषध द्या. त्यानं रगत तपासलं, ते बरं निघालं. मग इचारत बसला. रातीला घोरती का, हसता हसता अंग ढिलं पडतं का, असं कायबाय. समद्याला न्हाई म्हनलं. झोपून उटल्यावर हुशारी वाटती का, तर नीलम्माच बोलली, "न्हाई. जितकं झोपावं तितकं डोकं जड."

तो म्हनला, ह्यो आळस न्हाई, झोपेचाच आजार हाय. कशानं व्हतो ते कळत न्हाई, मुळातून जात न्हाई, पन सांभाळता येतो. रोज एकाच येळेला निजायचं. उटवताना शिव्या न्हाई, पानी मारनं न्हाई, शेजारी बसून हाका मारायच्या. डोकं साफ होईस्तवर चुलीपाशी, आडापाशी जाऊ द्यायचं न्हाई. अन् जाग आली की लगेच एक गोळी.

एस्टीत बसल्यावर ती मला सारखी इचारून राहिली, "आळशी न्हाई म्हनला ना, अक्का?"

घोडं अडलं गोळीपाशी. पूजेआधी ती तोंड उघडंना. अन् गोळीबिगर पूजेपुरती जाग येईना.

म्या जळकोटला जाऊन समदं सांगितलं. पार्वतम्मानं ऐकून घेतलं. म्हनली, आता उशीर झाला, दुसरी सून आनली. पन गुरम्मा दाराआड ऐकून राहिली व्हती. सुट्टी लागली तशी आजीशी भांडून देवनीला आली.

सकाळी आईजवळ बसली. "अव्वा, ऊट" म्हनून हळूहळू हाका मारल्या. नीलम्मानं डोळे किलकिले केले, पन वळखलं न्हाई. पोरीनं तिच्या तळहाताखाली आपला हात धरला, आईच्या तळव्यावर तिचंच लिंग ठिवलं, तिच्याच बोटांनी पानी घातलं, भस्म लावलं. मग गोळी दिली. नीलम्मानं घेतली. ऊन ओट्यावर आलं तवा पुरती जागी झाली अन् लेकीच्या तोंडावर हात फिरवत बसली.

सुट्टी सरली की गुरम्मा जायची. मग ते समदं म्या करायची. गोळी घ्यायची माज्या हातनं, पन डोळे उघडले की इचारायची, "गुरम्मा हाय का?"

म्या म्हनायची, "सुट्टी लागू दे."