टिटवीचं नाव

जपानमध्ये, त्सुकुबातल्या आमच्या घरामागे कापणी झालेलं भाताचं शेत आहे. मला आठवा लागला होता आणि बाळंतपणासाठी पुण्याहून आई आली होती. एका सकाळी बांधावरून चालताना चिखलात एक पक्षी दिसला. लांब पाय, डोक्यावर मागे वळलेला ऐटबाज तुरा.

"आई, टिटवी बघ! तुरेवाली! दर थंडीत लांबून येते इथे."

आईने चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "नाव घेऊ नकोस. दोन जिवांची आहेस."

आईच्या माहेरी टिटवी ओरडली की कुणाचं तरी बरंवाईट होणार, असं मानतात. मला हसू आलं. "अगं, इथल्या टिटव्यांना मराठी कुठे येतं!" तेवढ्यात तो पक्षी मांजरासारखा आवाज काढून उडाला. आई मला धरून उलट पावली घरी निघाली.

जेवणानंतर माझ्या लक्षात आलं, सकाळपासून बाळ हललंच नाहीये. पाणी प्यायले, कूस बदलली, पोटावर थोपटलं. काही नाही. प्रयोगशाळेत पुराव्याशिवाय एक वाक्य न बोलणारी मी, आणि डोक्यात तो मेला तुराच नाचत होता! हॉस्पिटलला फोन केला, तर म्हणाले, लगेच या. नवरा तोक्योला ऑफिसात. टॅक्सी येईपर्यंत मी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि आई देवाचं नाव पुटपुटत माझ्या मागे मागे.

"बस कर ना आई! तूच भरवलंस हे माझ्या डोक्यात!" मी खेकसले. ती खाली बसून माझ्या पायांत मोजे चढवत राहिली, कारण मला वाकता येत नव्हतं.

हॉस्पिटलात नर्सने पोटावर पट्टा बांधला. आधी नुसती खरखर. मग एकदम टपटप टपटप, घोडा दौडावा तसं. "गेंकी, गेंकी," नर्स हसून म्हणाली. ठणठणीत आहे! मी हमसून हमसून रडले. आईने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

परतताना आम्ही शेताशीच उतरलो. ती तिथेच होती, निवांत किडे टिपत. मी मुद्दाम नाव घेतलं नाही. आई पदर सावरत बांधावर गेली आणि मोठ्याने म्हणाली, "टिटवे, बाई, उगाच तुला बोल लावला गं. माझ्या लेकीसारखी तूही लांबूनच आलीस ना?"