मी काळीचा खुराक तोडला

सासूबाई गेल्या आणि आम्ही सासऱ्यांना गावाहून चेन्नईला आणलं. आयुष्यभर पोस्टमनकी केलेला, दहा गावांशी बोललेला तो माणूस वेलचेरीच्या गल्लीत मुका झाला. तमिळ येत नव्हतं. पुढं शेजारची एक बाई घर बदलून फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि तिच्या दोन शेळ्या आमच्या मागच्या दारी आल्या. एक काळी, एक तांबडी. बाबा त्यांच्याशी दिवसभर मराठीत बोलायचे. बोलता बोलता खायला घालायचे.

मी गिंडीला एका छोट्या कारखान्यात तयार माल तपासायच्या कामाला होते. मोजून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय घरातही यायची. जंताचं औषध द्यायला गुरांची डॉक्टर आली होती, माझ्यापेक्षाही लहान. तिनं शेळीची तब्येत ओळखायची कशी ते दाखवलं. पोटाकडे बघू नका, म्हणाली, पोट चाऱ्यानंही फुगतं. शेवटच्या बरगडीमागं पाठीच्या कण्यावर हात ठेवा. मग स्वतःच्या मुठीची हाडं चाचपायला लावली. कणा असा टोचला तर शेळी वाळलीय. उताण्या तळव्यासारखा मऊ, गादीसारखा लागला तर माजलीय. पालथ्या हातासारखं, हाड कळतं पण टोचत नाही, असं हवं. काळीच्या पाठीवर तिचा हात रुतलाच. पाला भरपूर द्या, खुराक हळूहळू कमी करा आणि गाभण राहिली तर मला कळवा, एवढं सांगून ती गेली.

मी बाबांना सांगितलं. पेंड आणि कोंडा मिळून सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. त्यांनी मान हलवली.

काळी गाभण राहिली. मी डॉक्टरला कळवलं नाही. आज कळवू, उद्या कळवू करत राहिले. नवरा कामासाठी महिना-महिना बाहेरगावी असायचा. दिवस भरत आले तशी एका रविवारी मी काळीच्या पाठीवर हात ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. पाठ तशीच गादीसारखी. माझ्या मागं काहीतरी चाललंय हे उघड होतं. मी खुराकाच्या पिंपाला कुलूप घातलं.

बाबा दारात उभे होते. "गाभण आहे ती," एवढंच म्हणाले.

"म्हणूनच," मी म्हणाले. "एवढ्या चरबीत ती विणार कशी?"

सोमवारपासून चावी माझ्या पर्समधून गिंडीला जायला लागली. पाला होता, पाणी होतं, खुराक मात्र एकदम बंद. घरात आम्ही दोघं कामापुरतं बोलायचो. जेवताना ते ताटातून मान वर करत नव्हते. मला वाटत होतं, मी बरोबर आहे आणि थोड्या दिवसांनी त्यांनाही पटेल.

शुक्रवारी दुपारी कारखान्यात फोन आला. बाबांनी तिथं कधीच फोन केला नव्हता. "काळी खात नाही," ते म्हणाले. "सकाळपासून भिंतीला डोकं लावून उभी आहे."

मी डॉक्टरला फोन लावला, सुट्टी मागितली आणि शेअर ऑटो धरली. ती दर वळणावर थांबत होती, माणसं सरकून बसत होती आणि पर्समधली चावी मांडीला टोचत होती.

काळी खरोखरच भिंतीला टेकलेली होती. डोळे उघडे, पण बघत नव्हते. दात करकरत होते. पुढ्यातल्या हादग्याच्या पाल्याला तिनं तोंडही लावलं नव्हतं. मी तिच्या तोंडाजवळ वाकले तर श्वासाला नासलेल्या फळासारखा गोड वास येत होता.

डॉक्टर अर्ध्या तासात आली. तिनंही तोच वास घेतला. मग तमिळमध्ये विचारलं, खुराक कधी कमी केलात?

रविवारी, मी म्हणाले. कमी नाही, बंदच केला.

ती रागावली नाही. सुया काढता काढता सांगत राहिली. पोटात बहुतेक दोन करडं आहेत. शेवटच्या दिवसांत ती आईच्या अंगातली साखर भराभर ओढून घेतात. अशा वेळी लठ्ठ शेळीचं खाणं तोडलं तर तिचं शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्याचंच विष होतं. वजन उतरवायचं होतं ते गाभण राहायच्या आधी. आता वेळ थोडा आहे.

बाबा काळीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणते ती?"

मी काहीही सांगू शकत होते. उष्णता झाली म्हणाले असते, तरी त्यांनी मानलं असतं. डॉक्टरला मराठी येत नव्हतं.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "मी एकदम तोडलं म्हणून."

ते काळीच्या कानामागं हात फिरवत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी दुपारचा भात घालत होतो. बिस्किटं पण. तू गेल्यावर, रोज. तुझ्या कुलपानंतरच थांबलो."

मी ते डॉक्टरला तमिळमध्ये सांगितलं. तिनं दोघांकडे बघितलं आणि शिरेत ग्लुकोज सोडायला सुरुवात केली. जाण्यापूर्वी तिनं तांबडीच्या पाठीवर हात ठेवला आणि मला बोलावलं. मी हात लावला. कणा मुठीच्या हाडांसारखा टोचला. केसांखाली ती वाळून गेली होती. काळी तिला हुसकून तिचंही खात आली होती, आणि काळीवरून भांडण्यात आम्ही दोघांनी तांबडीला हात लावला नव्हता.

पुढचे दोन दिवस बाबांनी काळीचं तोंड धरायचं आणि मी पिचकारीनं गोड औषध घालायचं. घाईत श्वासनलिकेत गेलं तर ती तिथंच संपेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. "दमानं," बाबा म्हणायचे, मला की काळीला ते कळत नव्हतं. पोटातली करडं लवकर बाहेर यावीत म्हणून डॉक्टरनं इंजेक्शनही दिलं होतं.

रविवारी दुपारी काळी व्याली. पहिलं करडू मेलेलंच आलं. दुसरं आलं तेही निपचित. बाबांनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला, मागचे पाय धरून उलटं लोंबकळवलं, गोणपाटानं घसाघसा चोळलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मग ते शिंकलं. काळीनं मान वळवून त्याला चाटलं, आणि थोड्या वेळानं समोरचा पाला ओढला. दोनच पानं, पण चावली.

मेलेलं करडू बाबांनी मागच्या मोकळ्या जागेत पुरलं. मी मदतीला गेले तेव्हा त्यांनी नको म्हटलं नाही.

त्या आठवड्यात आम्ही तांबडीला वेगळी बांधायला लागलो. तिच्यासमोर खुराकाचं घमेलं ठेवताना बाबांनी पहिल्यांदाच मला विचारलं, "हिला किती घालायचं?"

"मलाही नक्की माहीत नाही," मी म्हणाले. "अर्ध्या वाटीनं सुरू करू. दर रविवारी दोघंही पाठीला हात लावून बघू."

त्यांनी अर्धी वाटी भरली आणि कडेला बोट फिरवून वरचा ढीग सपाट केला.